पूर्णेच्या बेटावरची पाच नाणी

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षरही वाकडं. चौथीपर्यंतच शिकले, वाचणाऱ्यानं माफ करावं.

आमच्या गावाच्या उत्तरेला पूर्णेच्या पात्रात एक बेट होतं. त्यावरचं गाव फार पूर्वीच उठून गेलेलं. भिंती पोतारायला तिथून पांढरी माती आणताना मला तांब्याची पाच नाणी सापडली. ती मी देवघरात ठेवली.

काही वर्षांनी अकोल्याहून खोदकामाचे साहेब आले. मी नाणी दिली. त्यांनी खुशीत दहा रुपये बक्षीस दिले, त्याचं मी लुगडं घेतलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाई, यावरची अक्षरं कुठं गेली? गाव कोणत्या राजाच्या काळचं, ते त्यांवरूनच कळलं असतं."

माझ्याआधी सासूबाईच बोलल्या, "सायेब, माही सून दर सणाले चिंचेनं घासे ते नाणे. देवापुढचं तांबं कोनी काळं ठेवते काय?"

साहेब हसले. पैसे त्यांनी मागितले नाहीत, पण मला ते लुगडं नेसवेना. मी बेटावर खोदकामाची माती चाळायला जाऊ लागले आणि दर आठवड्याच्या मजुरीतला एक रुपया त्यांच्या टेबलावर ठेवत गेले. दहाव्या आठवड्याला ते नवं लुगडं नेसून गेले आणि शेवटचा रुपया ठेवला.