पोपटी आणि तीस फूट

बिडी-सिगारेट कधी न ओढता जन्मभर खिशात आगपेटी बाळगणारा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. पनवेलबाहेर तळ्याकाठी आम्ही काही नोकरदारांनी बंगल्या बांधल्या. कोणी हवेसाठी, कोणी गुंतवणूक म्हणून. साडूंनी बांधली ती पोपटीसाठी. थंडी पडून वालाच्या शेंगा भरल्या की त्यांच्या अंगात यायचं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी. मग मडकं उपडं, भोवती पेंढा-गोवऱ्या आणि जाळ. त्या दिवशी स्कूटरच्या मागच्या सीटवर मडकं बसे. मेव्हणीबाई एसटीने येत. शेजारच्या सुकापूर गावाकडून धुराचा वास आला तर साडू बोलता बोलता थांबत, नाक वर करत आणि म्हणत, "पाला कमी पडलाय त्यांना."

मी सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्या ओटीवर गवती छप्पर, आणि एका वर्षी साडूंच्या जाळाची ठिणगी त्यावर येऊन बसली. छप्पर वाचलं, माझी झोप जळाली. मी उघड्यावरच्या आगीचे नियम केले: कोणत्याही बांधकामापासून तीस फूट अंतर, शेजारी पाण्याची बादली आणि जाळापाशी एक जबाबदार सभासद. सभेत सगळ्यांनी हात वर केले, साडूंनीही. दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन आले. आमचे प्लॉट चाळीस फुटी. दोघांनी मिळून वसाहत मोजली, तर नियम पाळून काडी ओढता येईल अशी जागाच कुठे निघेना. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरलेल्या मला हे आधी सुचलं नव्हतं.

"सेक्रेटरी," टेप गुंडाळत साडू म्हणाले, "तुमच्या परसातला आंघोळीचा बंबसुद्धा बेकायदा की हो!"

मी नियमाला धरून राहिलो. तो हिवाळा गार पाण्याने आंघोळ केली. बायको त्याहून गार वागली.

पोपटी मात्र राहूनच गेली. साडू भांडले नाहीत. नुसती आगपेटी काढत, कानाशी हलवत आणि परत खिशात ठेवत. ते मला भांडणापेक्षा जड गेलं. मग एका रविवारी, तळ्याचं पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जमिनीवर, सगळ्या घरांपासून लांब, अख्खी वसाहत मडक्याभोवती जमली. ओटीवर मी एकटा. साडू चिखल तुडवत आले.

"चला."

"मी कशाला?"

"जबाबदार माणूस लागतो ना? तिथे सगळ्यांना विचारलं, एकही निघाला नाही. आणि बादली घ्या."

मी इमानाने बादली उचलली. जाळ बसल्यावर साडूंनी तिच्यात हात बुडवून मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं, पाणी तिथल्या तिथे आटलं. "झाली! अशीच बघतात पोपटी. दरवर्षी पाण्यासाठी धावाधाव व्हायची. एक नियम बरा केलात."

आता साडू पुण्याला लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर असतात. गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. पोपटी मी लावतो आणि त्यांना फोन करतो. फोनची वायर जेमतेम ओटीच्या पायरीपर्यंत पोचते, म्हणून मडकंही तिथेच, गवती छपरापासून सहा फुटांवर. एका हाताने रिसीव्हर मडक्याकडे धरून मी पाणी शिंपडतो.

"अजून थोडी," ते म्हणतात. मी थांबतो, पुन्हा शिंपडतो.

"हां, आता झाली. काढा."

पण फोन काही ठेवत नाहीत. पलीकडून बराच वेळ आगपेटी हलवल्याचा आवाज येत राहतो.