सासऱ्यांचे ब्रेक

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात जिची काळजी केली नाही अशी एकही वस्तू जगात नाही. कुलूप लावल्यावर ते त्याला लोंबकळून पाहतात. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी "भैया, आरामसे, अपने को जल्दी नहीं" म्हणून बजावतात. अशा माणसाने पंचाहत्तरीत आपल्या जुन्या मोटारीचे ब्रेकचे, क्लचचे आणि पेट्रोलचे सगळे पाइप स्वतःच्या हातांनी बदलायला काढले, तेव्हा मी हळूच एका मेकॅनिकचा नंबर शोधून ठेवला.

त्यांच्या घराण्याची मिठागरं होती. आता तिथे सोसायट्या झाल्या, पण मोटार खारी गावातल्या घरासमोर पत्र्याखाली अजून उभी आहे. खाऱ्या वाऱ्याने तिचे पाइप कधी खाल्ले ते कुणाला कळलं नाही. वीस वर्षांपूर्वी मिठागराच्या बांधावर ब्रेकचा पाइप फुटला, गाडी चिखलात घुसली आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंचं मनगट मोडलं. ते वाकडंच बसलं. तेव्हापासून सासरे त्यांना मोटारीत बसू देत नव्हते, आणि सासूबाई दुसऱ्या कुणाच्या मोटारीत पाय ठेवत नव्हत्या. आता लग्नाला पन्नास वर्षं होणार, त्या दिवशी दोघांनी जेसल पार्कला खाडीवर जायचं ठरलं होतं.

"मेकॅनिक लावू या का?" मी भीत भीत विचारलं.

"मेकॅनिकची बायको बसनार हाय का गाडीत?" गाडीखालून उत्तर आलं.

पाइप बसले, पण ब्रेकच्या तेलात हवा राहिली तर ब्रेक लागत नाही. ती काढायला एकाने पायडल दाबायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून नट सैल करायचा. दाबायला मी, गिरगावातून इथे राहायला आलेला, हातात कधी पाना न धरलेला जावई. "दाबा! धरा! सोडा!" असे हुकूम सुटायचे. "सोडा" म्हटल्याशिवाय पाय उचलला, की हवा परत आत आणि सगळं पहिल्यापासून. एकदा शेजारचा एक जण येऊन पाण्याच्या टँकरबद्दल बोलत बसला. सासरे गाडीखालूनच तावातावाने भांडले आणि मी पाऊण तास पाय दाबून बसलो. पुढे दोन दिवस लंगडत ऑफिसला गेलो.

मग सुरू झाली पेपराची परीक्षा. संध्याकाळी गाडीखाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि सकाळी गुडघ्यांवर बसून भिंगाने डाग शोधायचे. चाकापाशी डाग म्हणजे ब्रेक, मध्यावर म्हणजे क्लच, वास आला तर पेट्रोल. आठ दिवस पेपर कोरा निघाला, आणि नेमका लग्नाच्या वाढदिवसाच्या सकाळी चाकापाशी एक डाग! जाणं रद्द. नट आवळले, मी पुन्हा पायडल दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. असे तीन आठवडे गेले. खरं सांगतो, प्रत्येक डागाला मला मनातून हायसंच वाटायचं. पुन्हा बांधावरच्यासारखं काही झालं तर?

एका रविवारी सासूबाई हिरवं लुगडं नेसून बाहेर आल्या. त्यांनी पेपर उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अवो, ब्रेकच्या तेलाला खोबऱ्याचा वास कवापासून यायला लागला?"

सासरे भिंगाची काच सदऱ्याला पुसू लागले.

"माज्या डोक्याच्या तेलाची बाटली संपली, तरी तुमची गळती थांबत न्हाय."

"आन् गाडी न्हाय थांबली तर गं?" सासरे इतक्या बारीक आवाजात म्हणाले, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

सासूबाईंनी वाकड्या हाताने दार उघडलं आणि त्या पुढच्या सीटवर बसल्या. आता न जाऊन सांगतात कुणाला! मी मागे बसलो. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. भाजीवाल्यासाठी एकदा, म्हशीसाठी दोनदा आणि कशासाठीच नाही असं चारदा थांबत आम्ही खाडीपाशी पोचलो. सासऱ्यांनी ब्रेक दाबला. पाण्याच्या चांगली वीस पावलं अलीकडे गाडी उभी राहिली.

"थांबली की हो," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि ते सासूबाईंच्या वाकड्या मनगटावर हात ठेवून बसून राहिले. मागच्या सीटवर माझा पाय मात्र घरापासून जमिनीवर गच्च दाबलेलाच होता. "सोडा" म्हणायला ते विसरले होते, आणि मलाही त्यांना आठवण करून द्यावीशी वाटली नाही.