कॅप्टनची फाईल

राजाराम चौतीस वर्षं दिल्लीत एका मंत्रालयात होते. कारकून म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. एवढ्या काळात त्यांनी हजारो फायलींवर लिहिलं, पण शेवटची ओळ नेहमी एकच : ‘आदेशार्थ सादर.’ आदेश कायम वरच्या मजल्यावरून यायचा.

अशा माणसावर त्यांच्या मुलाने, धम्मदीपने, शनिवारी सकाळी चहा पिता पिता जबाबदारी टाकली.

“बाबा, सोमवारी शाळेत तुमच्या नातीचा, समताचा इंटरव्ह्यू आहे. पाचवीतून एकच कॅप्टन निवडणार. दोन मुलं भांडली तर काय करशील, असं विचारतात म्हणे. तिला ठाम बोलायला शिकवा. आमच्या गुरुग्रामच्या ऑफिसात जो अडखळतो, तो तिथेच राहतो.”

“मी शिकवू?”

“हे शिकवणार!” स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी शीलाबाई म्हणाल्या. “भाजी कोणती करू विचारलं, तर सगळ्यांना विचार म्हणतात!”

राजाराम दुपारभर विचार करत बसले. पुढारीपण म्हणजे नेमकं काय? टेबलावर हात आपटणारे एक साहेब आठवले. पण लिफ्ट अडकली की तेच साहेब हणमंत शिपायाच्या तोंडाकडे बघायचे, हेही आठवलं. मग दोघांतला पुढारी कोण? काही उमजेना.

संध्याकाळी ते खाली उतरले. मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत बॅडमिंटनचं कोर्ट एकच होतं आणि त्यावरून मोठ्या आणि छोट्या मुलांची जुंपली होती. मधोमध समता वही घेऊन उभी होती. प्रत्येकाकडे वही न्यायची, त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं, खाली सही. राजाराम चरकले. त्यांच्या जुन्या फायलींशी खेळतच ही पोर मोठी झाली होती.

“अरे यार,” आठवीतला अनुराग ओरडला, “ये कैप्टन है कि बाबू?”

सगळे हसले. समताचे कान लाल झाले, पण वही तिने पुढे केलीच. “तू भी लिख. तेरा भी पढ़ूँगी.”

राजारामांना राहवेना. “समता, कोण खेळणार ते सरळ सांगून टाक ना. सोमवारी तेच विचारतील.”

“सांगणार, आजोबा. आधी वाचू तर द्या!”

तिने सगळं वाचलं, पेन्सिल चावली आणि खाली लिहिलं : पाच ते सहा छोटे, सहा ते सात मोठे. त्याखाली स्वतःची सही. राजारामांनी ती ओळ दोनदा वाचली. ‘सादर’ कुठेच नव्हतं.

अनुराग कुरकुरत बाजूला झाला. आपल्याला विचारलं म्हणून, की नुसता कंटाळला म्हणून? राजारामांना सांगता आलं नसतं. शाळेतल्या बाईंना हे एवढं वहीप्रकरण ऐकायला वेळ असेल का? आणि नसला, तर ही खोड तिला आपलीच लागली ना?

छोट्यांचा खेळ बघून ते घरी आले, तर धम्मदीप दारातच उभा होता. “सांगितलंत तिला, ठाम बोलायचं?”

राजारामांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या.

“विचाराधीन आहे.”

“बाबा, परवा सोमवार आहे!”

“हो ना,” राजाराम म्हणाले, आणि बाल्कनीत जाऊन पुन्हा खाली बघत राहिले. सहा वाजले होते. समता छोट्यांच्या हातातल्या रॅकेट गोळा करत होती.