निशाण कोण धरणार

चीनमध्ये माणसाला हक्क आहेत की नाहीत, यावर आमच्या टेबलावर रोज सकाळी कॉफी थंड होते. टेबल सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या हॉकर सेंटरमधलं, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईतलं, पंख्याखालचं. बसणारे तिघे. एक गोरा, स्कॉटलंडचा. बोटीवर चीफ इंजिनीअर होता, इथलीच बायको केली; ती वारली, तो राहिला. दुसरा चिनी. इथला नव्हे, खुद्द चीनमधला. तिकडे उत्तरेकडच्या एका बंदरात, गोदीत वेल्डर होता, आता मुलीकडे येऊन राहिलाय. तिसरा मी. चौथीतून शाळा सोडली, खलाशी म्हणून बोटीवर चढलो आणि सारंग होऊन उतरलो. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, इंग्रजीत बोसन. नावं कोणी कोणाला विचारली नाहीत. चीफ, वेल्डर, बोसन, एवढ्यावर भागतं. तिघांची इंग्रजीही बोटीवरचीच. तेवढ्या इंग्रजीत दुरुस्ती होते, वादळ निभावतं आणि शिवीगाळ होते. हक्कावरचं भांडणही त्यातच बसवतो.

चीफ म्हणायचा, "तुमच्याकडे खांबाखांबावर कॅमेरा. माणूस शिंकला तरी सरकारला कळतं."

वेल्डर म्हणायचा, "कळू दे की. माझ्या मुलीची सायकल पूर्वी दोनदा चोरीला गेली. आता गाडीची किल्ली गाडीलाच विसरते."

"सरकारविरुद्ध तोंड उघडता येतं?"

"तुला येतं?"

"रोज उघडतो."

"मग काय होतं?"

चीफने विचार केला. "काही होत नाही."

"बघ. उघडून काही होत नाही, तर न उघडून माझं काय गेलं?"

मी हसलो. चीफला माझा राग आला. म्हणाला, "काही होत नाही म्हणजे मला पहाटे कोणी उचलून नेत नाही, बोसन. त्यालाच हक्क म्हणतात. हसायला काय झालं?"

आणि तेही मला पटलं. हे माझं नेहमीचंच. चीफ बोलला की तो खरा वाटतो, वेल्डर बोलला की तो. चीनची बंदरं मी जुन्या काळात पाहिली आहेत. बोट धक्क्याला लागली की शिडीच्या तोंडाशी बंदुकीवाला शिपाई उभा राहायचा. रेडिओची खोली सील. आमचे गोरे ऑफिसर म्हणायचे, हा तुरुंग आहे. आम्ही खलाशी म्हणायचो, कुठल्या बंदरात अशी झोप लागते, खिसा कापायला कोणी नाही. पण एकदा रस्त्यात माझ्याच वयाचा एक माणूस माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघून हसला. मी हात पुढे केला, बघ म्हटलं. तेवढ्यात त्याला मागे शिपाई दिसला आणि तो भिंतीकडे तोंड करून चालायला लागला. तो घाबरला होता की त्याला घरी जायची घाई होती, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

वेल्डरला हे सांगितलं तर म्हणाला, "आम्हाला सांगितलं होतं, परदेशी बोटीकडे मान वर करून बघायचं नाही. मी बघायचो."

"काय दिसलं?"

"दोरीवर चड्ड्या वाळत होत्या."

एकदाच तो खरा चिडला. चीफ बोलता बोलता बोलून गेला, "तुम्हाला तर पोरंसुद्धा स्वतःच्या मर्जीने होऊ दिली नाहीत." वेल्डर उठला आणि गेला. दोन-तीन सकाळी आलाच नाही. मग आला, भाजलेल्या शेंगांचा पुडा टेबलावर ठेवला आणि चीफकडे न बघता म्हणाला, "आम्हाला दुसरं मूल होणार होतं. सरकारी ऑफिसातून माणसं आली, बायकोला घेऊन गेली. ते मी माफ केलेलं नाही. पण ते माझं आहे. तुझ्या भांडणात ते वापरायचं नाही. मी बोलीन, तू नाही."

चीफ मान खाली घालून म्हणाला, "बरोबर." आणि उठून तिघांची कॉफी घेऊन आला. त्या दिवशी शेंगा खाल्ल्या, चीन नाही.

आता माझं सांगतो.

मी इथे मुलाकडे राहतो. मुलगा पाया लेबार भागात एका ऑफिसात मॅनेजर आहे, सूनही नोकरी करते. मी त्याच्या पासावर इथे आहे. त्याची नोकरी आहे तोवर माझं राहणं आहे. मागे एकदा न्हाणीघरात घसरून पडलो, डोक्याला टाके पडले. तेव्हापासून हॉलच्या कोपऱ्यात पांढरा डबीएवढा कॅमेरा आला. मी माळ्यावरचा डबा काढायला स्टूल घेतलं की डबीतून मुलाचा आवाज येतो, "बाबा, खाली उतरा." ऑफिसात बसून. जन्मभर मी डोलकाठीवर चढलो, आता स्टुलावरून उतरायचं. उतरतो. खाली बसतो. दहाव्या मजल्यावरून समोरची इमारत दिसते, तिच्या दहाव्या मजल्यावर एक म्हातारी बसलेली असते.

चीफला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हा तर तुझ्या घरात चीन." वेल्डर म्हणाला, "माझ्या मुलीनेही लावलाय. मी जेवायला बसताना त्याला वाडगा दाखवतो. म्हणजे ती तिकडे जेवते."

हे सगळं मी सहन केलं. पण फाल्गुन जवळ आला आणि माझं चित्त ठिकाणावर राहिना.

आमच्या गावी शिमग्याला ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि घरोघर येते. चाकरमानी जगाच्या कुठल्याही टोकाला असो, येऊन घर उघडतो. पालखीपुढे निशाण असतं. उंच काठीला भगवं कापड. आमच्या वाडीत ते निशाण धरायचा मान आमच्या घराचा. बापाने धरलं, त्याच्या बापाने धरलं. मी बोटीवर असताना कप्तानाशी भांडून रजा घ्यायचो, नाही मिळाली तर थोरला भाऊ धरायचा. भाऊ गेला, त्याला मूल नाही. आता घरात मी आणि माझा मुलगा. आणि भावकीत नियम असा, की घरातला माणूस आला नाही आणि निशाण दुसऱ्या घराने उचललं, तर मान त्या घराकडे गेला. परत येत नाही. त्यावर कोर्ट नाही, पंचायत नाही. चीफ ज्याला हक्क म्हणतो त्याला आमच्याकडे मान म्हणतात, पण तो कागदावर नसतो, खांद्यावर असतो.

मी पडल्यापासून मुलाने सांगून ठेवलं होतं, आता एकट्याने प्रवास नाही. आणि त्याला सुट्टी नव्हती.

महिनाभर मी त्याला आठवण देत होतो. म्हणजे माझ्या पद्धतीने. "यंदा होळी लवकर आहे." तो म्हणायचा, "हो का?" "घराची कौलं कोणी शाकारली असतील का?" तो म्हणायचा, "गावच्या चुलत काकांना फोन करून विचारतो." एकदा म्हटलं, "काठीचं कापड जुनं झालंय, इथे चांगलं मिळतं." तर सुनेने ऑनलाइन कापड मागवलं. हिरवं. मुलगा वाईट नाही. पण माझ्या घरात बाप मुलाकडे मागत नाही. माझ्या बापाने माझ्याकडे कधी पाणीसुद्धा मागितलं नाही. तो नुसता तांब्याकडे बघायचा आणि मी उठायचो.

टेबलावर सांगितलं. चीफने पहिला प्रश्न केला, "पासपोर्ट कुणाकडे?"

"मुलाकडे. कपाटात. सगळ्यांचे एकत्र."

"बघ, इथेच सगळं आलं. तू मोठा माणूस आहेस. तुझा पासपोर्ट तुझ्या खिशात हवा. जा आणि माग. म्हण, हा माझा हक्क आहे."

वेल्डरने मान हलवली. "असं नाही बोलायचं. त्याला सांग, मला घेऊन जा, हे तुझं काम आहे. आमच्याकडे तर कायदाच आहे. मुलांनी म्हाताऱ्या आईबापाला भेटायला जायचं. नाही गेलं तर बाप कोर्टात जाऊ शकतो."

चीफ मोठ्याने हसला. "प्रेमाचा कायदा! उद्या सरकार सांगेल, मयताला किती वेळ रडायचं."

"तुझी मुलं शेवटची कधी आली?"

"नाताळात फोन आला होता."

"फोन नाही विचारला."

चीफने कपात चमचा फिरवला. "न येण्याचा त्यांना हक्क आहे," म्हणाला.

मी वेल्डरला विचारलं, "आणि तुला चैत्रात आईबापाच्या थडग्यावर जायचं असतं, म्हणाला होतास. मुलीला सांगितलंस, घेऊन चल म्हणून?"

"तिला सुट्टी नाही. मी समजून घेतो."

"मग कायदा?"

"कायदा आहे म्हणून तो आपल्या मुलीवर चालवायचा असतो का?"

घरी जाताना मी ठरवलं. घेऊन चल म्हणणं म्हणजे मागणं झालं, तो मार्ग मला बंद. चीफचा मार्ग ताठ मानेचा वाटला. आपलीच वस्तू घेण्याला मागणं म्हणत नाहीत.

संध्याकाळी मुलगा आला, बूट काढत होता. मी म्हटलं, "माझा पासपोर्ट दे."

"कशाला, बाबा?"

"माझा आहे म्हणून. तो माझा हक्क आहे."

हा शब्द आमच्या घरात यापूर्वी कोणी बोललं नव्हतं. स्वयंपाकघरात सुनेचा डाव थांबला. मुलगा एका पायात बूट तसाच ठेवून आत गेला, कपाट उघडलं, पासपोर्ट आणून माझ्या हातात दिला.

"तुम्हाला इथे डांबून ठेवलंय, असं वाटत होतं का?"

"तसं मी म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंत?"

तिथे बोलायला हवं होतं, हे मला आत्ता लिहिताना दिसतं. तेव्हा मी फक्त म्हटलं, "जेवायला वाढा." तो जेवला नाही. रात्री त्याने हॉलमधल्या कॅमेऱ्याची वायर काढून टाकली. स्टुलावर चढायला मी मोकळा झालो.

सकाळी चीफने माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. वेल्डरने विचारलं, "निघतोस कधी?"

निघायचं कसं? तिकीट फोनवर निघतं, आणि फोनवरचं सगळं मुलगा करतो. तेही शिकलो असतो, कोणाला तरी पैसे देऊन काढून घेतलं असतं. पण मुलाशी भांडून, एकटा, पिशवी घेऊन गावात उतरायचं आणि त्याच हाताने देवीपुढे निशाण धरायचं? पारावर बसलेला पहिला माणूस विचारणार, मुलगा कुठाय? निशाण धरणाऱ्याच्या पाठीमागे घर उभं असावं लागतं. पासपोर्ट सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून मी रोज हॉकर सेंटरपर्यंत जायचो आणि परत यायचो. त्याच्यापुढे मला जाता येत नव्हतं. कोणी अडवलेलं नव्हतं आणि हलता येत नव्हतं. असा तुरुंग मी कुठल्या बंदरात पाहिला नव्हता.

वेल्डरला हे सांगावंसं वाटलं, पण बोटीवरच्या इंग्रजीत याला शब्द नाहीत.

रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलत होता. माझा फोन वाजला. मला कमी ऐकू येतं, म्हणून सुनेने आवाज मोठा करून फोन ताटाशेजारी ठेवला. गावाहून चुलत भाऊ, त्याचं घर वेगळं.

"दादा, कुठवर आलात? मुंबईत उतरलात काय?"

"इथेच आहे."

"इथे म्हणजे?"

"सिंगापूरला."

तिकडे ढोल वाजत होता, सराव चालला असावा. तो म्हणाला, "अहो, परवा पालखी बाहेर पडतेय. गुरव सारखा विचारतोय, निशाण कोण धरणार? मी सांगितलं, दादा न येता राहायचे नाहीत."

मुलाने घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "यंदा तू धर."

"दादा, मी धरीन हो. पण मग कसं आहे, तुम्हाला माहिताय. माझी पोरं पुढे सोडायची नाहीत. भावकीही त्यांच्याच बाजूने बोलणार. पुढे मला दोष देऊ नका."

"नाही देणार. काठी सरळ धर. वडाच्या वळणावर वारा असतो, तिथे डावा हात खाली घे."

"ठाऊक आहे. बघत आलोय ना तुम्हाला." मग म्हणाला, "तब्येत बरी आहे ना पण?"

"उत्तम," म्हटलं, आणि फोन ठेवला.

मुलगा फोनमध्ये बोटं चालवायला लागला. "बाबा, आज रात्रीचं विमान आहे. मी येतो. दोन दिवस ऑफिसला काहीतरी सांगतो. पहाटे मुंबईत, तिथून गाडी केली तर…"

"शब्द दिला मी त्याला. तुझ्यासमोर दिला."

"परत फोन करा. सांगा, येतोय म्हणून."

"दिलेला मान परत मागायचा?"

त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. "मला एकदा तरी सांगायचं होतंत. तुम्ही पासपोर्ट मागितलात, बाबा. पालखी कुठे मागितलीत?"

"पालखी मागायची नसते."

सून म्हणाली, "आमटी गार होतेय." कोणी वाढून घेतली नाही. मुलगा म्हणाला, "पुढच्या वर्षी जाऊ. मी आत्ताच सुट्टी टाकून ठेवतो. सगळेच जाऊ."

"जाऊ," मी म्हटलं. "पाहुण्यांसाठी ते अंगणात खुर्च्या मांडतात. चांगलं दिसतं तिथून."