लिनक्स शिकवणारे शेजारी

जोगेश्वरीच्या आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ रविवारी सकाळी ऑफिसच्या खोलीत लोकांना लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, शिकवतात. मी तिथे पेपर वाचायला जातो. लिनक्सवाले सहसा नुकतीच दीक्षा घेतल्यासारखे बोलतात. हे गृहस्थ चहा विचारल्यासारखे बोलतात. हात पाठीमागे बांधून उभे राहतात आणि दुसऱ्याच्या कीबोर्डला बोटही लावत नाहीत.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई जुना लॅपटॉप घेऊन आल्या. नवं विंडोज त्यावर चढत नव्हतं. गृहस्थांनी त्यांच्याच हातून पेनड्राइव्हवरचं लिनक्स सुरू करवलं.

"यात सी ड्राइव्ह कुठाय हो?"

"नाही. तिकडे विंडोजमध्ये सी, डी अशी वेगवेगळी घरं. इथे घर एकच, बाकी सगळ्या खोल्या."

बाईंनी लॅपटॉपमधली एक अर्धवट प्रश्नपत्रिका उघडली. मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

"वाट लागली. उद्या परीक्षा आहे माझ्या मुलांची."

"काही गेलेलं नाही, ताई. तुमचा जुना मराठी फाँट विंडोजच्या फोल्डरमध्ये राहिलाय. तो इकडे आणा."

ते सांगत गेले, बाई करत गेल्या, आणि प्रश्नपत्रिका पुन्हा मराठीत बोलू लागली.

"मग ते विंडोज पुसूनच टाकू ना?" बाई आता जोरात होत्या.

"राहू दे की शेजारी. महिनाभर दोन्ही वापरा, मग ठरवा."

शिष्य करून घ्यायची इतकी सोपी संधी सोडणारा माणूस मी विरळाच पाहिला. बाई तोवर पाचवा प्रश्न टाइप करू लागल्या होत्या.