मावशींची तिसरी पिशवी

आट्याच्या दहा किलोच्या पिशवीला दुपट्यात गुंडाळून, तिला थोपटत जिना उतरणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे. लंडनच्या हाउन्सलोला, आमच्याच गल्लीत, भर दुपारी. एका कडेवर आटा, दुसऱ्या कडेवर बासमती, पाठीला ओढणीने बांधलेली आणखी एक आट्याची पिशवी, आणि तोंडाने स्वतःच ओरडणं चाललेलं, "आग! आग! फायर!" खाली काका हातात घड्याळ घेऊन उभे. चेहऱ्यावर चाळीस वर्षांच्या संसाराने आलेली शांती.

या आमच्या मावशी. मूळच्या नाशिकच्या. एअरपोर्टच्या किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे भरण्यात त्यांची वीस वर्षं गेली. मग नातू झाला, सून कामावर परत गेली, आणि मावशींनी जाहीर केलं, "एकाला सांभाळायचंच आहे तर आणखी सांभाळू. पण चोरून नाही. चाइल्डमाइंडर म्हणून नाव नोंदवून, भिंतीवर सर्टिफिकेट लावून!" ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट.

"करून बघितल्याशिवाय बोलू नये," हे त्यांचं ब्रीद. मुलांना बसने लायब्ररीत नेणं जमेल का, हे पाहायला त्या एकदा रिकामी पुशचेअर घेऊन बसमध्ये चढल्या. ड्रायव्हरने विचारलं, "व्हेअर्स द बेबी, लव्ह?"

"बेबी नेक्स्ट वीक," मावशी म्हणाल्या. "टुडे रिहर्सल."

कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कोर्समध्ये नियम सांगितला होता: पाच वर्षांखालची मुलं जास्तीत जास्त तीन, आणि त्यात स्वतःचा नातूही मोजायचा. बरोबरच्या सगळ्या बायकांनी डोळे मिटून तीन लिहिलं. मावशी मात्र फॉर्म घरी घेऊन आल्या आणि वाटेत दुकानातून पिशव्या. दुपारी मुलं वरच्या खोलीत झोपणार. आग लागली तर तिघांना उचलून खाली आणता येईल का? त्या दिवशी दोन पिशव्या सुखरूप उतरल्या. पाठीवरची तिसरी मात्र पाचव्या पायरीवर निसटली, धप्पकन काकांच्या पायाशी येऊन फुटली आणि काका मिशांसकट पांढरे झाले.

मावशींनी फॉर्मवर दोन लिहिलं. एक नातू आणि एक समोरच्या कौरबाईंची सिमरन.

घर तपासायला आलेल्या इन्स्पेक्टर बाईंना नवल वाटलं. "यू कॅन हॅव थ्री, यू नो."

"पेपर इज सेइंग थ्री," मावशी म्हणाल्या. "माय स्टेअर्स आर सेइंग टू."

मला हे कळलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली; तिसरी जागा मी माझ्या मुलीसाठी धरून चालले होते. मी तेव्हा एअरपोर्टवर चेक-इन काउंटरला होते. नवरा कॉव्हेंट्रीत कामाला, घरी यायचा शनिवारी. माझी जुई नऊ महिन्यांची, बाळंतपणाची रजा दीड महिन्यात संपणार, शिफ्ट सकाळी सहाची आणि गल्लीच्या टोकाची नर्सरी उघडणार आठला. मावशी नाहीत तर नोकरी नाही, असा सरळ हिशेब.

मी धावतच गेले. "अहो मावशी, नियमात बसतंय ना! माझी जुई काही त्रास देत नाही हो. गोड आहे."

"गोड आहे म्हणूनच नको म्हणते."

"म्हणजे?"

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पिशव्यांना मी नावं दिली होती, बाई. पहिली आमचा ओम. दुसरी सिमरन. फुटली ती जुई होती."

मी चहा तसाच ठेवून निघायला उठले. मावशी मात्र माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. पुढच्या खोलीत काका, त्यांची आरामखुर्ची आणि भला मोठा टीव्ही.

"अहो," त्यांनी हाक मारली, "तुमचं क्रिकेट वर जाणार."

"आणि मी?" काका.

"तुम्ही काय इथे उभ्याने स्कोअर विचारणार? तुम्हीही वर."

संध्याकाळपर्यंत टीव्ही वर गेला, मुलांना झोपवायला खाली गाद्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "आग! आग!" सुरू झालं. या वेळी घड्याळ माझ्या हातात होतं. आता जिनाच नव्हता. मावशींनी दोन पिशव्या उचलून पुढच्या बागेत ठेवल्या, परत आत शिरल्या, तिसरी छातीशी धरून बाहेर आल्या. समोरून कौरबाई ओरडल्या, "मावशीजी, घर बदल रहे हो क्या?"

मावशी धापा टाकत होत्या. मी घड्याळ दाखवलं. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "जा. फॉर्म आण."

इन्स्पेक्टर बाई पुन्हा आल्या, गाद्या बघून गेल्या. दोनाचे तीन झाल्याचं पत्र माझी रजा संपायच्या चार दिवस आधी आलं.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला मी युनिफॉर्ममध्ये त्यांच्या दारात उभी. जुई त्यांच्याकडे अशी झेपावली, जणू मी कुणी टॅक्सीवाली. मला हुंदका आवरेना. उंबरा सोडवेना.

मावशींनी जुईला कडेवर सावरलं आणि दुसऱ्या हाताने मला हळूच पायरीखाली ढकललं.

"रडायचं तर बस स्टॉपवर जाऊन रड," त्या म्हणाल्या. "मला तीनचीच परवानगी आहे. चौथं रडणारं ठेवून घेता येत नाही."