आजूबाजूला कोणी नाही

कॅम्प पाच वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात ती शिलाई करायची. तिची बोटं कायम निळी असायची, आणि मशीनांच्या खडखडाटानं तिला कमी ऐकू यायचं. बहिणीला झोप लागत नाही, असं सांगत ती ऑनलाइन डॉक्टरला विचारायला माझ्या सायबर कॅफेत यायची. बहीण कोण, हे मी कधी विचारलं नाही. वेबसाइटवरच्या डॉक्टरला फक्त इंग्रजी चालायचं, म्हणून वाचणं-लिहिणं माझ्याकडे.

त्या दिवशी कॅफे भरलेला होता. डॉक्टरनं विचारलं, आजूबाजूला कोणी नाही ना? मी तिला ते मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या कीबोर्डांची टकटक थांबली.

"लिही दादा, कोणी नाही."

पुढचा प्रश्न होता, मरावंसं वाटतं का? मी तो हळूच विचारला.

ती कान माझ्याजवळ आणत म्हणाली, "जोरात बोल ना."